पाणमांजरांना बाधणारी मुलगी

ओसाकाजवळच्या काइझुका स्टेशनच्या मागच्या गल्लीत हिरागा तोकुजीचं केस कापण्याचं दुकान होतं. त्या दुकानात वाढलेल्या किनुएच्या संतापाची ही गोष्ट आहे. संताप कसला, तर बेसबॉलचा. खेळाचा नव्हे, खेळ तिला आवडायचा, अगदी वेड लागल्यासारखा आवडायचा, आणि तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं. तिचं मागणं एकच होतं: बापाच्या शेजारी बसून एक सामना, फक्त एक, शेवटपर्यंत बघायचा. गल्लीतल्या कुठल्याही कार्ट्याला हे न मागता मिळत होतं. किनुएला ते मिळेना, आणि त्याचं कारण असं होतं की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारून घ्यावा.

आमच्या भागातल्या रेल्वे कंपनीचा व्यावसायिक संघ होता, त्याचं नाव पाणमांजरं. वाघ, सिंह, ससाणे ही नावं आधीच कुणी कुणी पळवली असणार, तेव्हा कंपनीच्या साहेबांनी उरलेल्यातून हे उचललं. टोपीवर मिशा फेंदारलेल्या पाणमांजराचं चित्र होतं. लीगमध्ये संघ सहा, आणि पाणमांजरं सहावी. एखाद्या वर्षी चुकून पाचवी आली, तर गल्लीत घरोघरी सणावारी करतात तो लाल भात शिजायचा. त्यांच्या मैदानात इतकी कमी माणसं असायची की वरून कुणी शिवी हासडली तर ती खेळाडूला स्पष्ट ऐकू जायची. तोही मग मान वर करून उलट उत्तर द्यायचा, आणि त्या बाचाबाचीवर लोक खेळापेक्षा जास्त खूश असायचे.

अशा संघावर तोकुजीने जीव टाकला होता. एरवी हा माणूस शहाणा. हात हलका, वस्तरा फिरवताना गिऱ्हाइकाला डुलकी लागावी इतका हलका. पण संध्याकाळी दुकानाची पाटी उलटी केली, रेडिओ लावला, की ह्याच्यातला शहाणा माणूस मागच्या दाराने निघून जायचा. पाणमांजरं हरली की दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांचे केस गरजेपेक्षा आखूड व्हायचे. शाळेतली पोरं वर्तमानपत्र बघून ठरवायची की आज केस कापायला जायचं की उद्या.

किनुए सात वर्षांची असताना तोकुजीने दुकानात टीव्ही आणला. पाणमांजरांचा सामना त्यावर दिसायचा महिन्यातून एखादा, तोही दुसऱ्या संघाच्या पुण्याईने. त्या संध्याकाळी तसा एक होता. दुकान माणसांनी भरलं होतं. टोफूवाले ओकुनो-सान अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत खुर्चीवर बसले होते, कारण तोकुजीचा हात दुसऱ्या अर्ध्यावर यायला तयार नव्हता. समोर हारिमाचा संघ होता, रानडुकरं. शेवटचा डाव, पाणमांजरं एका रनने पुढे, दोन गडी बाद. आणखी एक बाद केला की संपलं.

किनुएच्या आईने, मासानोने, जवाच्या गार चहाचे पेले ताटलीत मांडले आणि म्हणाली, "जा, देऊन ये. सांडू नको."

किनुएने खांद्याने पडदा सारला, दुकानाच्या फरशीवर उजवा पाय टाकला, आणि त्याच क्षणी टीव्हीतून खाडकन आवाज आला. चेंडू उंच, उंच, कुंपणापार. बेसवर रानडुकरांचा एक गडी आधीच होता. तो आणि फटका मारणारा, दोघांचे मिळून दोन रन गेले, सामना गेला.

ओकुनो-सानांनी साबण लावलेला गाल सावकाश किनुएकडे वळवला.

"तोकुजी-सान," ते म्हणाले, "तुमची लेक पांढऱ्या पायाची दिसते हो."

सगळे हसले. थट्टाच होती. तोकुजी मात्र हसला नाही. तो किनुएच्या पायाकडे बघत राहिला.

थट्टा तिथेच संपली असती. पण पंधरवड्याने किनुए खोडरबर शोधत दुकानात आली, रेडिओ चालू होता, आणि पाणमांजरांच्या हातून साधा झेल सुटला. मग तिसऱ्यांदा काय झालं ते मात्र ऐकण्यासारखं आहे. पाणमांजरं एकदा चक्क सहा रनांनी पुढे होती. ओकुनो-सान म्हणाले, "आज बघूच या खरं-खोटं. सहा रन कुठे पळून जातात? बोलवा पोरीला." किनुएला हाक मारली. तोकुजीने आपल्या शेजारच्या स्टुलावरचे टॉवेल उचलले आणि तिला तिथे बसवलं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, श्वाससुद्धा जपून घेतला. बापाच्या अंगाला केसांच्या तेलाचा वास येत होता, रेडिओ तापून करपट वास सोडत होता, आणि किनुएला वाटलं की याहून चांगलं जगात काही नसेल.

पाणमांजरांनी त्याच डावात सात रन दिले.

झालं. त्या दिवसापासून सामन्याच्या वेळी किनुएला दुकानात यायला बंदी झाली. मासानो भडकली. "तुमच्या त्या मांजरांना बॅट धरता येत नाही, आणि खापर माझ्या पोरीच्या डोक्यावर? लाजा कशा वाटत नाहीत?" तोकुजी म्हणाला, "तुला खेळातलं कळत नाही." या वाक्यावर कुठल्याही घरातला कुठलाही वाद संपतोच, तसा तो संपला.

किनुए मग स्वयंपाकघरात बसायची, पडद्याला कान लावून. तेही फार दिवस चाललं नाही. तोकुजी पलीकडून ओरडायचा, "किनुए, ऐकतेयस ना? ऐकू नकोस! कानानेही लागते!"

"कानाने काय लागतं बाबा?"

"बाधा! जा, अंघोळीला जा."

"आत्ताच जाऊन आले!"

"परत जा!"

गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक न्हाणीघरातली बाई तिला म्हणायची, "एवढी स्वच्छ पोर मी आयुष्यात बघितली नाही." किनुए गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून दात-ओठ खायची. टीव्हीवर सामना असला तर आणखी गंमत. रात्रीच्या नऊला पाच-सहा मिनिटं कमी असली की निवेदक अदबीने म्हणायचा, वेळ संपत आल्यामुळे प्रक्षेपण इथे थांबवत आहोत, क्षमा असावी. सामना कुठल्याही रंगात असो, पडद्यावर कपडे धुण्याच्या पावडरची बाई येऊन हसायला लागायची. मग दुकानातली सगळी माणसं रेडिओवर तुटून पडायची, आणि तो लागेपर्यंतच्या मिनिटभरात काही वाईट घडलं असेल तर तोकुजी पहिला प्रश्न विचारायचा, "किनुए कुठे होती आत्ता?"

सकाळी मात्र वर्तमानपत्र तिचं. टोफू आणायला जाता-येता ती ते वाचून काढायची. कुणी किती रन काढले, कुणाचा खांदा दुखतोय, कुणाचं लग्न ठरलंय, सगळं तिला पाठ. डावखुरा पिचर कुरामोची तिचा देव होता. वर्गातल्या पोरांना ती त्याचा चेंडू कसा वळतो ते हाताने करून दाखवायची, आणि पोरं मान डोलवायची. तिने कुरामोचीला चेंडू टाकताना कधी पाहिलेलंच नव्हतं, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

ती दहा वर्षांची झाली त्या वसंतात पाणमांजरं ओळीने इतकी हरली की तोकुजीला जेवण जाईना. तेव्हा ओकुनो-सानांना कल्पना सुचली. ओकुनो-सानांना कल्पना सुचली की गल्लीत कुणाचं तरी वाटोळं व्हायचंच.

"तोकुजी-सान, आपण उलटं का चाललोय?" ते म्हणाले. "पोर ज्याच्या बाजूला बसते तो हरतो. खरं ना?"

"खरं."

"मग तिला त्यांच्या बाजूला बसवा की!"

तोकुजीने वस्तरा खाली ठेवला. असं साधं उत्तर आपल्याला इतकी वर्षं का सुचलं नाही, असा त्याचा चेहरा झाला होता.

किनुएला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला इतकंच कळलं की रविवारी बाबा मैदानात नेणार आहेत. ती दोन रात्री झोपली नाही. मासानोने गोड अंड्याची गुंडाळी आणि भाताचे मुटके डब्यात भरले, तिचे केस विंचरून रिबीन बांधली. गाडीत किनुए बापाचा हात धरून बसली आणि काइझुकापासून मैदानाच्या स्टेशनापर्यंत एक शब्द बोलली नाही. बोलले तर बेत मोडेल अशी तिला धास्ती वाटत होती.

फाटकाशी तोकुजी थांबला. तिथल्या विक्रेत्याकडून त्याने एक टोपी घेतली आणि किनुएच्या डोक्यावर, रिबिनीसकट, घट्ट बसवली. किनुएने ती काढून बघितली. टोपीवर सुळे वर आलेलं रानडुक्कर होतं.

"बाबा, ही चुकीची आहे."

"बरोबर आहे. तू त्या बाजूला बसायचं, तिसऱ्या बेसच्या मागे. मी इकडे."

"तिकडे हारिमाची माणसं बसतात."

"म्हणून तर."

ती काही बोलायच्या आत त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हे बघ, त्यांच्यासाठी मनापासून ओरडायचं. खोटं ओरडलीस तर उपयोग नाही. आणि माझ्याकडे बघायचं नाही. मीही बघणार नाही." हे सगळं तो इतक्या मायेने बोलला की पुढे कित्येक वर्षं आठवलं तरी किनुएच्या डोक्यात तिडीक जायची. रागावून बोलला असता तर निदान रडता तरी आलं असतं.

ती तिकडे जाऊन बसली. आमच्याकडे मैदानाच्या दोन बाजू म्हणजे दोन देश. एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला चुकूनही बसत नाही. रानडुकरांची पाच-पन्नास माणसं हारिमाहून गाडीने आली होती. त्यांचा ढोल वाजवणारी एक म्हातारी होती, मात्सुयो नावाची, आवाज फाटक्या भोंग्यासारखा. दहा वर्षांची पोर एकटीच आपल्या संघाची टोपी घालून आलेली बघून तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई, एकटी आलीस? ओसाकाच्या ह्या बाजूला राहून आपल्या रानडुकरांसाठी?"

किनुए नुसती मान हलवत राहिली.

"बघा रे, निष्ठा असावी तर अशी!" मात्सुयो आजींनी सगळ्यांना ओरडून सांगितलं, आणि तिला आपल्या शेजारी बसवून खारवलेला प्लम घातलेला भाताचा मुटका हातात दिला.

त्या दिवशी पाणमांजरांकडून चेंडू टाकत होता कुरामोची. पहिल्यांदा किनुए त्याला बघत होती. वळणारा चेंडू ती वर्गात दाखवायची तसा वळत नव्हता, त्याहून कितीतरी सुंदर वळत होता. आजींनी कोपर मारलं. "ओरड की गं! घाबरव त्या डावखुऱ्याला!" बाबांनी सांगितलं होतं मनापासून. किनुए उभी राहिली, डोळे मिटले आणि ओरडली, "कुरामोची, घरी जा! तुझी आई वाट बघतेय!"

मैदान रिकामं. आवाज थेट पोचला. कुरामोचीने वळून पाहिलं, टोपीतली ती पोर शोधून काढली, आणि मान थोडी झुकवली. आजूबाजूची माणसं खदखदून हसली. किनुए मटकन खाली बसली.

आणि दुर्दैव असं की पाणमांजरं त्या दिवशी जिंकली.

हरली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण जिंकली, आणि तोकुजीने परतीच्या वाटेवर तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला, वर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतर हारिमाचा संघ आला की किनुए तिसऱ्या बेसच्या मागे, हे ठरूनच गेलं. पाणमांजरं कधी जिंकायची, बऱ्याचदा हरायची. हरली की तोकुजी म्हणायचा, "आज मनापासून ओरडली नाहीस." जिंकली की म्हणायचा, "बघ, लागू पडलं." या हिशेबात पोर सुटण्याचं दारच नव्हतं. शाळेत कुणीतरी तिला त्या टोपीत पाहिलं, मग पोरांनी तिचं नाव डुकरीण ठेवलं. ती घरी येऊन आदळआपट करायची. मासानो म्हणायची, "नाही जायचं म्हणून सांग." तेवढं मात्र किनुए सांगायची नाही. कारण जायचं नाही म्हटलं तर मैदानही गेलं, कुरामोचीही गेला, आणि पलीकडच्या बाजूला लांबून का होईना पण दिसणारा बापही गेला.

चौदाव्या वर्षी तिने एकदा बंड केलं. "मी नाही जाणार. गेलात खड्ड्यात तुम्ही आणि तुमची पाणमांजरं." नेमका तो महिना पाणमांजरांनी सगळ्यांकडून मार खाल्ला. गल्ली तिच्याकडे अशी बघायला लागली की जणू विहिरीत विष तिनेच कालवलं. ओकुनो-सान टोफू देताना सुस्कारा सोडायचे. "काय करणार बाई, तुझी मर्जी," असं म्हणून तुकडा मुद्दाम लहान कापायचे. महिन्याच्या शेवटी ती टोपी शोधून निमूट निघाली. मात्सुयो आजींनी तिला मिठी मारली. "आजारी होतीस का गं? वाळलीस किती!"

पुढे कुरामोचीचा खांदा गेला, मग मात्सुयो आजी यायच्या बंद झाल्या. किनुएने हजामतीची परीक्षा दिली आणि बापाच्या दुकानात दुसरी खुर्ची धरली. लग्नाचं बघायला लागले तेव्हा तिची एकच अट होती: मुलाला बेसबॉलचा गंध नसावा. निशिवाकी नावाचा एक मासे सुकवणारा मिळाला. संघात माणसं किती असतात असं विचारल्यावर त्याने खूप विचार करून "बारा?" असं म्हटलं, खरी असतात नऊ, आणि किनुएने तिथेच होकार दिला. तोकुजीचा हात थरथरायला लागल्यावर दुकान तिच्याकडे आलं. ओकुनो-सान वारले. सामन्याच्या संध्याकाळी दुकानात आता एकटा तोकुजी रेडिओजवळ बसायचा. किनुए दोन मुलांची आई झाली होती, दुकान तिच्या नावावर होतं, तरी शेवटचे डाव आले की म्हातारा घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "किनुए, जरा भाजी घेऊन येतेस का?"

आणि ती, काय सांगावं, जायची.

मग एका शरद ऋतूत रेल्वे कंपनीने संघ विकला. वर्तमानपत्रात दोन रकान्यांची बातमी आली, पाणमांजरं पुढच्या वर्षापासून दूर उत्तरेला जाणार, नाव बदलणार, रंग बदलणार. आपल्या मैदानावरचा शेवटचा सामना महिनाअखेर, रानडुकरांशी. पाणमांजरं नेहमीप्रमाणे तळाला होती. हरून काही जाणार नव्हतं, जिंकून काही मिळणार नव्हतं.

किनुएने जेवताना सांगून टाकलं, "बाबा, ह्या वेळी मी तुमच्या शेजारी बसणार."

तोकुजीने वाटी खाली ठेवली. मग उठून आतून एक पिशवी आणली. पिशवीत रानडुकरांची कोरी टोपी होती.

"शेवटचा सामना आहे, किनुए. जिंकून जाऊ दे त्यांना."

तेव्हा किनुएचा बांध फुटला. "तेहतीस वर्षांची आहे मी! दोन पोरं आहेत मला! सात वर्षांची असल्यापासून तुम्ही मला हाकलताय, न्हाणीघरात हाकललंत, बाजारात हाकललंत, शत्रूच्या बाकावर नेऊन बसवलंत! ते रन मी दिले का? झेल मी सोडला का? तुमचा संघ भिकार आहे बाबा, भिकार! तो माझ्याशिवायही हरला असता, आणि हरतोच!"

"हळू बोल," तोकुजी म्हणाला. "भिंतीपलीकडे ऐकू जातं."

"जाऊ दे!"

मासानो इतका वेळ माशाचे काटे काढत होती. ती म्हणाली, "तुम्ही दोघंही मला आता सहन होत नाही. ती टोपी घाल बाई, नाहीतर ह्यांना घाल, पण मला जेवू द्या."

किनुए बघत राहिली. म्हातारा टोपीवरचं लेबल नखाने काढायचा प्रयत्न करत होता, आणि थरथरत्या बोटांना ते निघत नव्हतं. तिने ती टोपी हिसकावून घेतली, लेबल टरकन ओढलं. "हा शेवटचा. ह्यानंतर मला काही सांगायचं नाही."

त्या दिवशी मैदान गच्च भरलं होतं. वर्षानुवर्षं जी माणसं फिरकली नव्हती ती सगळी आली होती, डोळे पुसत, फोटो काढत. किनुएच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस कुठे मेली होती ही? ह्यांतली निम्मी आली असती तरी संघ विकावा लागला नसता. ती तिसऱ्या बेसच्या मागे टोपी घालून बसली. आजूबाजूला सगळे तरुण चेहरे, ओळखीचं कुणी नाही. पलीकडे, पहिल्या बेसच्या मागे, सहाव्या रांगेत तोकुजीचं पाणमांजरी जाकीट तिला दिसत होतं. दोघांनी ठरल्याप्रमाणे एकमेकांकडे पाहिलं नाही, म्हणजे त्याने पाहिलं नाही.

आणि पाणमांजरं चांगली खेळत होती, हे आणखी एक. पिचर नवा पोरगा होता, कुठल्याशा डोंगराळ गावचा. आठ डाव संपले तेव्हा पाणमांजरं एका रनने पुढे होती. किनुए मनापासून रानडुकरांसाठी ओरडत होती, घसा बसला होता.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावाला रानडुकरांचा पहिला गडी आला तेव्हा तिने पलीकडे नजर टाकली. सहाव्या रांगेतली ती जागा रिकामी होती.

सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले, एवढी गर्दी. ती उठली, बसली, पुन्हा उठली. एक गडी बाद झाला. दुसरा बाद झाला. तिसरा बेसवर पोचला. आणि पायऱ्यांवरून, कठड्याला धरत, धापा टाकत, रानडुकरांच्या त्या सगळ्या टोप्यांमधून वाट काढत तोकुजी येत होता. माणसं त्याच्या जाकिटाकडे डोळे फाडून बघत होती.

"बाबा! तुम्ही इथे कशाला आलात?"

"सरक जरा."

"अहो, एकच गडी राहिलाय! जिंकतायत ते! जा परत, आधी जा!" हे आपण काय बोलतोय ते किनुएच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं, आणि तिला स्वतःचाच इतका राग आला की तिचे कान तापले.

तोकुजी धप्पकन शेजारी बसला. "मैदानाला वळसा घालून आलोय. परत कुणाच्याने जाववतंय." थोडा वेळ त्याने दम खाल्ला. मग समोर बघत म्हणाला, "तिकडे सगळी नवी माणसं आहेत. एकालाही जुन्या खेळाडूंची नावं माहीत नाहीत. ओकुनो नाही, कुणी नाही. म्हटलं, शेवटचा डाव आपल्या माणसाबरोबर बघावा."

किनुए काहीतरी बोलणार होती. पण खाडकन आवाज आला. चेंडू दिव्यांच्या वर गेला आणि डाव्या कुंपणापलीकडे उतरला. दोन रन. आजूबाजूची सगळी माणसं उड्या मारू लागली. कुणीतरी किनुएला मिठी मारली, कुणीतरी तोकुजीच्या पाठीवर थाप मारली आणि मग जाकीट बघून माफी मागितली.

किनुए खाली मान घालून बसली. ती वाट बघत होती. आता बाबा म्हणतील. सव्वीस वर्षं ऐकतेय, आणखी एकदा ऐकायचं.

"त्या गाढवाला आठव्या डावानंतरच काढायला हवं होतं," तोकुजी म्हणाला.

"कुणाला?"

"पिचरला! खांदा पडला होता त्याचा. मघापासून दिसत होतं. आणि तो मॅनेजर बसलाय हाताची घडी घालून, दगडाच्या देवासारखा."

किनुएने मान वर केली. "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"तुझा काय संबंध?" तोकुजी वैतागून म्हणाला. "चेंडू तू टाकलास का?"

किनुए उभीच राहिली. "हे... हे तुम्हाला आज सुचतंय?"

"खाली बस. मागच्यांना दिसत नाही."

ती खाली बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ते रागाचं होतं की कशाचं ते तिला कळेना. बरंचसं रागाचंच असावं. समोर पाणमांजरं शेवटची फलंदाजी करायला आली होती. तिने बाहीने नाक पुसलं.

"आठव्या नाही," ती म्हणाली. "सातव्या."

"काय?"

"सातव्या डावातच त्याचा वळणारा चेंडू वळायचा थांबला होता. आठव्यापर्यंत ठेवला हाच मूर्खपणा."

"सातव्यात बरा होता की तो."

"बरा? तुम्हाला तिकडून काय दिसणार? मी इकडून हात बघत होते त्याचा!"

"मला शिकवतेस? तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतोय मी हा खेळ."

"बघताय हो, पण कळतंय कुठे?"

पाणमांजरांचे तीन गडी आले तसे गेले. शेवटचा बाद झाला तोही दोघांनी पाहिला, आणि त्याने बॅट फिरवायला नको होती यावर त्यांचं लगेच एकमत झालं; पण पिचरचा प्रश्न तसाच राहिला. खेळाडू रांगेत उभे राहिले, टोप्या काढून चारही बाजूंना वाकले. बापलेक उठून उभे राहिले, वाकले, आणि वाकल्या वाकल्या किनुए म्हणाली, "सातव्या." रानडुकरांची माणसं ढोल घेऊन गेली. समोरच्या बाजूची रडणारी माणसंही हळूहळू पांगली. एकेक दिवा विझू लागला. झाडूवाले कागदाचे पेले गोळा करत वर येत होते, आणि तोकुजी बोटाने हवेत चेंडूचं वळण काढून दाखवत होता, नि किनुए ते बोट धरून खाली ओढत होती.

शेवटी मैदानाचा माणूस पायऱ्या चढून आला. "आजोबा, फाटक बंद करतोय. चला आता."

"थांबा हो जरा," तोकुजी त्याच्याकडे न बघताच म्हणाला. "ही माझी मुलगी. हिचं चुकतंय. एवढं हिला पटवून देतो आणि निघतो."